सासूबाईंच्या कानातली पांढरी पाच

फ्रीज दुरुस्त करणाऱ्याला लोक फार तर फ्रीजवाला म्हणतात. याला मात्र सगळा बाजार ‘गारेगार’ म्हणायचा. काम संपलं की तो फ्रीजच्या दारावर पंजा ठेवायचा, डोळे मिटायचा आणि बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याची बातमी द्यावी तशा आवाजात म्हणायचा, “गाऽरेगार!” पुढे पुढे हा शब्द त्याच्या जिभेवर इतका बसला, की सगळीकडेच चालायला लागला. मुलगी पास झाली, गारेगार. पोट भरलं, गारेगार. एकदा बायकोनं नवे कपडे घालून “कशी दिसते?” असं विचारलं, तेव्हाही तोंडातून तेच निसटलं आणि पुढचे काही दिवस घरातलं हवामान खरोखरच तसं राहिलं.

माणूस बुटका, गोल आणि चालताना खुळखुळणारा. त्याच्या प्रत्येक खिशात वॉशर, स्क्रू, नट असं काहीबाही असायचंच. तो जिन्यात असतानाच बायको चहाचं आधण ठेवायची, कारण आवाज पहिल्या मजल्यापासूनच यायचा. बायको शाळेत शिकवायची, मुलगी शिकायला परगावी गेलेली. घरात दोघंच, त्यामुळे भांडायला भरपूर जागा होती, पण भांडण होत नव्हतं. गारेगारशी भांडायचं म्हणजे त्याला आधी ऐकू तर जायला हवं! रोज कॉम्प्रेसरला कान लावून लावून त्याच्या कानाला बारीक आवाजांचं काही वाटेनासं झालं होतं. अर्थात, हे त्याला मान्य नव्हतं.

यंत्रांबद्दल मात्र त्याचं एक पक्कं तत्त्वज्ञान होतं. “यंत्राला तीनच रोग होतात,” तो गिऱ्हाइकांना सांगायचा. “धूळ, उष्णता आणि मालक.” धूळ दिसली नाही आणि यंत्र तापलेलंही नसलं, की तो मालकाकडे असं काही बघायचा, की मालक आपण होऊन म्हणायचा, “असेल हो, माझंच चुकलं असेल.”

अशा माणसाच्या घरी सासूबाई राहायला आल्या.

सासूबाई शाळेतून निवृत्त झालेल्या गाण्याच्या बाई. वर्गातल्या साठ पोरांमध्ये एकानं सूर चुकवला, तरी त्याला नावानिशी उभं करणाऱ्या. एकट्या राहायच्या, कुणाचं ऐकायच्या नाहीत. पडदे लावायला स्टुलावर चढल्या, स्टूल एका बाजूला गेलं, त्या दुसऱ्या बाजूला गेल्या आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. लेकीनं घरी आणलं, हॉलमधल्या दिवाणावर पाय उशीवर ठेवून बसवलं. पाय बांधलेला होता, पण जीभ मोकळी होती. पहिल्या दोन दिवसांत त्यांनी घराच्या दाराची करकर, नळाची ठिबठिब आणि जावयाच्या खिशांची खुळखुळ या तिन्हींवर आपलं मत दिलं.

नातीला हे फोनवर कळलं. तिचं एक हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र घरीच राहिलं होतं. ती म्हणाली, “आजीला ते द्या. त्यात मासे धरायचा एक खेळ आहे. बसल्या जागी खेळता येतो.”

“मी? आणि गेम?” आजी म्हणाल्या. त्यानंतर दोन दिवस त्या कुणाशी धड बोलल्याच नाहीत.

खेळ तसा साधाच. पडद्यावर एक तळं. गळ टाकायचा आणि वाट बघायची. मासा गळाला तोंड लावतो तेव्हा पडद्यावर काही दिसत नाही, फक्त एक बारीकसा आवाज येतो, ‘गुळुप’. तो ऐकल्याबरोबर बटण दाबायचं. उशीर झाला की मासा पसार. ज्यांनी जन्मभर कान हेच हत्यार मानलं, त्यांच्यासाठी हा खेळ जणू मुद्दाम घडवलेला होता. त्या यंत्राला ‘तळं’च म्हणू लागल्या. “माझं तळं चार्जिंगला लाव गं,” “तळं पुसलंस का?” आणि त्या तळ्याच्या तळाशी एक मासा होता, मोठ्या मिशांचा, काळा, कुणाला सहसा न सापडणारा. आजींनी त्याचं नाव मिशाळ्या ठेवलं होतं. त्याचा ‘गुळुप’ म्हणे इतरांपेक्षा अर्धा सूर खाली होता.

लेक त्याच खोलीत पोरांचे पेपर तपासायची, म्हणून नातीचे ते मोठाले, कान झाकणारे हेडफोन आजींच्या डोक्यावर चढले. वायर यंत्रात खोचली. यंत्राची बॅटरी जुनी होती, वायरीवरून काढली की धाप लागल्यासारखी पटकन मान टाकायची. म्हणून गारेगारनं पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातून एक्स्टेन्शनची लांब वायर ओढून दिवाणापर्यंत आणून दिली होती. सगळं कसं गारेगार होतं.

आणि मग एके दिवशी दुपारी सासूबाईंनी हेडफोन काढले आणि हाक मारली, “जावईबापू, तळ्यात कोणीतरी गुणगुणतंय.”

गारेगार जेवायला घरी आला होता. हात पुसत बाहेर आला. “गुणगुणतंय म्हणजे?”

“झूंऽऽऽ. सतत. मधूनच बंद होतं, मधूनच सुरू होतं. मिशाळ्याचं गुळुप ऐकूच येत नाही मला. दोनदा सुटला तो आज.”

“बघतो ना,” गारेगार म्हणाला. हे त्याचं दुसरं आवडतं वाक्य. त्यानं हेडफोन डोक्यावर चढवले. पाण्याची खळखळ, एक बेडूक, आणि बाकी शांतता.

“काहीच नाही, आई.”

“आत्ताच थांबलं.”

हे वाक्य गारेगारनं आयुष्यात हजारो गिऱ्हाइकांकडून ऐकलं होतं. तुम्ही यायच्या आधी खडखड करत होता हो! त्याचे डोळे आपोआप बारीक झाले. पिन काढून पुसली, फुंकर मारली. धूळ नाही. यंत्राला हात लावून बघितला. फार तापलेलं नाही. राहिला मालक.

त्यानं सासूबाईंकडे बघितलं. गिऱ्हाइकाकडे बघायचा तसंच बघितलं. सासूबाईंनीही त्याच्याकडे बघितलं, पण त्या गिऱ्हाईक नव्हत्या.

“आई,” तो जपून म्हणाला, “वयानुसार कधी कधी कानात आवाज येतात. एकदा कानाच्या डॉक्टरांना दाखवून घेऊ या का?”

लेकीच्या हातातलं लाल पेन थांबलं. खोलीत इतकी शांतता पसरली, की गारेगारच्या खिशातला एक वॉशर आपण होऊन घरंगळला तोही ऐकू आला.

“आण गं,” सासूबाई लेकीला म्हणाल्या. “स्वयंपाकघरातून सहा ग्लास आण. त्यात कमी-जास्त पाणी घाल. आणि चमचा आण. जावईबापू, तुम्ही भिंतीकडे तोंड करा.”

“कशाला?”

“कुणाचे कान डॉक्टरांना दाखवायचे ते ठरवू.”

गारेगार भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. शाळेत असताना उभा राहायचा तसाच, नाक भिंतीला टेकवून. मागे सासूबाई चमच्यानं ग्लास वाजवू लागल्या. टिंग. “कितवा?” “पहिला.” “चौथा. आता?” टिंग. “दुसरा?” “तोच आहे, चौथा. आता?” गारेगारनं कान टवकारले. बराच वेळ काहीच आलं नाही. “आई, वाजवा ना.” “तीनदा वाजवून झालं,” सासूबाई म्हणाल्या. लेकीनं पेपरात तोंड लपवलं, पण तिचे खांदे हलत होते.

तेव्हापासून मालक हा रोग गारेगारनं त्या यंत्रापुरता, निदान तोंडदेखला तरी, रद्द केला.

संध्याकाळी मुलीला फोन लावला. “बाबा, बंद करून पुन्हा चालू केलं का?” “केलं.” “हेडफोन बदलून बघितले?” बघितले होते. त्याच्या स्वतःच्या फोनबरोबर आलेले छोटे इअरफोन सासूबाईंच्या कानात खोचून झाले होते. त्यातही झूं होतं, शिवाय ते सारखे गळून पडत होते. “वायफाय बंद करा. आवाज पूर्ण वाढवू नका, थोडा खाली ठेवा. आणि सेटिंगमध्ये जाऊन आवाजाचे पर्याय बघा.” मुलगी सांगत होती, गारेगार “हो, हो” म्हणत होता, आणि फोन ठेवल्यावर त्याला त्यातलं फक्त ‘सेटिंग’ आठवत होतं.

सेटिंगमध्ये बरीच बटणं होती. फ्रीजला एकच बटण असतं, गोल, एक ते सात. इथे पानंच्या पानं. त्यानं एकेक चालू केलं, बंद केलं, पुन्हा चालू केलं. काय कशासाठी आहे ते वाचण्यात त्यानं वेळ घालवला नाही. सासूबाई डोक्यावर हेडफोन चढवून, डोळे मिटून, समाधी लावल्यासारख्या बसल्या होत्या. फरक पडला की बोट वर करायचं असं ठरलं होतं. यंत्र गारेगारच्या हातात. बायको शेजारी येऊन उभी राहिली.

“काही कळतंय का?” तिनं हळूच विचारलं.

गारेगारनं सासूबाईंकडे बघितलं. एवढाले हेडफोन, डोळे मिटलेले. ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता. तो कुजबुजला, “कळायचं काय त्यात? आवाज-बिवाज काही नाही. मासे धरायला जमत नाहीत म्हणून यंत्राला नाव. नाचता येईना, अंगण वाकडं. पण म्हातारीला सांगणार कोण?”

सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत. फक्त बोट वर केलं.

“काय झालं आई? गेला आवाज?” गारेगार मोठ्यानं ओरडला. सासूबाई दिवाणावरून अर्धी वीत उडाल्या आणि दोन्ही हातांनी हेडफोन ओढून काढले.

“ओरडू नका! म्हातारीला सगळं ऐकू येतंय. अंगण सरळ आहे, जावईबापू. नाच बघायचाय का?”

त्या चाचपडण्यात त्यानं यंत्राचा माईक चालू केला होता. आजूबाजूचं बोलणं उचलून थेट हेडफोनमध्ये सोडणारं काहीतरी असतं, ते. त्याची कुजबुज सासूबाईंच्या कानात लाउडस्पीकरसारखी पोचली होती. मुलीनं नंतर फोनवर ते बटण सांगून बंद करवलं, पण सासूबाई त्या रात्री जेवताना जावयाला वाढणाऱ्या लेकीला एवढंच म्हणाल्या, “त्यांना वाकड्या अंगणातलं वाढू नको हो, सरळ ताटातलं वाढ.” गारेगार खाली मान घालून जेवला. आणखी काही मागायची त्याची हिंमत झाली नाही.

पण एक गोष्ट चांगली झाली. अपराधी वाटल्यामुळे तो आता खरोखर शोध घ्यायला लागला.

दुसऱ्या दिवशी त्यानं चार्जिंगची वायर काढून बघितली आणि हेडफोन सासूबाईंना दिले. त्यांचा चेहरा फुलला. “गेलं! अहो, पूर्ण गेलं! काय सुंदर शांतता आहे, बेडकाचा श्वाससुद्धा ऐकू येतो.” गळ टाकला गेला. तिघंही श्वास रोखून बसले. सासूबाईंच्या कपाळावर आठी आली, अंगठा बटणावर टेकला, ओठ हलले, “मिशाळ्या. तोच. अर्धा सूर खाली.” आणि त्यांनी बटण दाबलं.

पडदा काळा झाला. बॅटरीनं मान टाकली होती.

सासूबाई नुसत्या काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या. त्यात त्यांना त्यांचाच चेहरा दिसत असणार. गारेगारनं मुकाट्यानं वायर पुन्हा खोचली. यंत्र चालू झालं, त्याबरोबर झूंऽऽही चालू झालं. पण आता एवढं कळलं, की आवाज विजेतून येतोय.

“चार्जर,” गारेगार म्हणाला. “चार्जर बिघडलाय.” त्यानं शेजाऱ्यांचा मागून आणला. झूं. खालच्या मजल्यावरून आणला. झूं. दिवाणाभोवती इतके चार्जर गोळा झाले, की बायको म्हणाली, आता निदान लेबलं तरी लावा, कुणाचा कुठला ते.

शेवटी त्याला नको असलेली गोष्ट करावी लागली. त्यानं अँटेनाला बोलावलं.

अँटेना हा बाजारातला टीव्ही आणि रेडिओ दुरुस्त करणारा. उंच, काटकुळा, केस उभे. त्याचं दुकान गारेगारच्या दुकानासमोर. दोघांची मैत्री अशी, की रोज एकत्र चहा प्यायचा आणि रोज एकमेकांचा धंदा हलका ठरवायचा. “फ्रीज काय, लेका, गार झाला की झाला,” अँटेना म्हणायचा. “आवाज म्हणजे शास्त्र आहे.” त्यावर गारेगार म्हणायचा, “तुझ्या शास्त्रात दूध टिकतं का?”

अँटेना आला, सासूबाईंना वाकून नमस्कार केला, हेडफोन लावले आणि डोळे वर फिरवले. “हवेतून येतंय,” त्यानं निकाल दिला. “आजूबाजूला लहरीच लहरी आहेत. मोबाइलच्या, वायफायच्या, शेजारच्यांच्या. त्या अडवायला कवच पाहिजे. घरात पोळ्या गुंडाळायची चंदेरी पट्टी आहे?”

होती. अँटेनानं यंत्र पाठीमागून चंदेरी कागदात गुंडाळलं. मग वायर गुंडाळली. मग हेडफोनची एकेक वाटी. तरी झूं येतच होतं. “अजून फट राहिलीय कुठेतरी,” असं म्हणत त्यानं वायरीपासून सुरुवात करून दिवाणाचा कठडा गुंडाळायला घेतला. सासूबाई सगळं सहन करत होत्या, कारण त्यांना मासा हवा होता. शेवटी कागदाचा उरलेला तुकडा त्यानं हेडफोनच्या वरच्या पट्टीला लावला, तो दोन्ही बाजूंनी कानांसारखा उभा राहिला.

लेक शाळेतून आली. दारातच थांबली. दिवाणावर चकचकीत चंदेरी कान असलेली तिची आई, हातात चंदेरी तळं, प्लास्टरचा पाय समोर ताणलेला. दोन्ही बाजूंना दोन मेकॅनिक गंभीर चेहऱ्यानं उभे.

“आई,” ती म्हणाली, “तू कुठल्या ग्रहावर निघालीस?”

तिनं फोटो काढून मुलीला पाठवला. मुलीचं उत्तर लगेच आलं. तिला काही लिहिता आलं नव्हतं, तिनं फक्त हसण्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता, तो बराच लांब होता. अँटेनानं “रेंजचा प्रॉब्लेम दिसतोय” असं पुटपुटत काढता पाय घेतला.

सासूबाईंनी डोक्यावरची चंदेरी ओरबाडून काढली. हेडफोनही काढून मांडीवर ठेवले. वैतागल्या होत्या. आणि वैतागलेल्या माणसाला जे ऐकू येतं, ते शांत माणसाला येत नाही. त्यांनी मान तिरकी केली.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “कुणी हलू नका. जावईबापू, तुम्ही तर मुळीच नाही. खुळखुळता.”

सगळे थांबले.

“पांढरी पाच,” सासूबाई म्हणाल्या.

“काय?”

“पेटीवरची पांढरी पाच. हेडफोनमध्ये जे गुणगुणतंय ना, ते पांढरी पाचच्या सुरात आहे. किंचित चढी. मला वाटत होतं, हा सूर मी कुठेतरी ऐकलाय. हेडफोन काढले तरी येतोय. तिकडून.” त्यांनी बोट केलं. बोट हॉल ओलांडून, दार ओलांडून, स्वयंपाकघरात गेलं आणि एका पांढऱ्या, उंच, गंभीर वस्तूवर थांबलं.

गारेगारनं बोटाच्या दिशेनं बघितलं. मग बोटाकडे बघितलं. मग सासूबाईंकडे.

“तो फ्रीज आहे, आई.”

“मला माहीत आहे तो फ्रीज आहे.”

“माझा फ्रीज आहे.”

“सूर मात्र तळ्यातलाच आहे.”

त्याच्या घरचा फ्रीज म्हणजे त्याचा मानाचा तुरा होता. भंगारातून आणलेला, स्वतः उघडून, स्वतः गॅस भरून, स्वतः रंगवून उभा केलेला. सगळ्या बाजारात तो त्याचं उदाहरण द्यायचा. “या घरात सगळं बिघडेल,” तो म्हणाला, “मी बिघडेन, पण तो बिघडणार नाही.”

“बिघडलाय असं कोण म्हणतंय?” बायको म्हणाली. “गातोय म्हणतेय ती.”

पण मेकॅनिक शेवटी मेकॅनिकच. त्याच्या डोक्यात एकेक दुवा जुळायला लागला. आवाज मधूनच येतो, मधूनच जातो. कॉम्प्रेसर मधूनच चालू होतो, मधूनच बंद होतो. दुपारी तो जेवायला येतो तेव्हा चारदा फ्रीज उघडतो, लोणी काय, पाणी काय, उगाच काय आहे बघायला काय. म्हणून दुपारी आवाज जास्त. आणि एक्स्टेन्शनची ती लांब वायर त्यानं कुठून ओढली होती? फ्रीजच्याच बोर्डातून.

तो आत गेला आणि फ्रीजचा प्लग काढला. फ्रीज खोकला, थरथरला, गप्प झाला.

“गेलं,” हेडफोन पुन्हा लावलेल्या सासूबाईंचा हॉलमधून आवाज आला.

त्यानं प्लग लावला.

“आलं.”

काढला. “गेलं.” लावला. “आलं.” काढला. “गेलं. अहो, आता पुरे, माझी खात्री पटली!” पण गारेगारची पटली नव्हती, म्हणजे पटली होती, पण त्याला ती पटवून घ्यायची नव्हती. त्यानं आणखी तीनदा करून बघितलं.

मग त्यानं फ्रीज भिंतीपासून ओढला. मागे जाड, मऊ, करड्या धुळीची गादी होती. तिच्यात एक वॉशर, दोन स्क्रू, मुलीच्या लहानपणीचा एक खेळण्यातला हत्ती आणि बायकोची हरवलेली चष्म्याची डबी. आणि तिथेच लोंबकळत होती एक हिरवी वायर, कुठेही न जोडलेली. अर्थिंगची. जी प्रत्येक गिऱ्हाइकाला तो दटावून जोडायला लावायचा. “अर्थिंग नाही? अर्थिंग नाही? तुम्हाला जीव नको झालाय का?” असं म्हणून. फ्रीज बसवला त्या दिवशी घाई होती, बोर्डातला अर्थिंगचा वरचा मोठा पॉइंट ढिला होता, ‘उद्या करू’ म्हणून त्यानं वायर तशीच सोडली होती. उद्या काही उजाडला नव्हता.

बायको त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. “धूळ,” ती मोजल्यासारखी म्हणाली. तिनं फ्रीजच्या पाठीला हात लावला. “उष्णता.” मग नवऱ्याकडे बघितलं आणि पुढचा शब्द उच्चारला नाही. तिला तो उच्चारायची गरजच नव्हती.

“दिव्याखाली अंधार,” हॉलमधून सासूबाईंचा आवाज आला. त्यांना तिथूनही सगळं कळलं होतं.

गारेगारनं मग ते काम असं केलं, की जणू एखाद्या मंत्र्याचा फ्रीज आहे. मेन बंद केला. बोर्ड उघडला, ढिला पॉइंट घट्ट केला, हिरवी वायर जिथे जायला हवी तिथे नेऊन आवळली. धूळ झाडली, हत्ती धुतला. कॉम्प्रेसरच्या पायाखालची रबरं म्हातारी होऊन फुटली होती, ती बदलली. सासूबाईंची वायर फ्रीजच्या बोर्डातून काढून दुसऱ्या भिंतीतल्या पॉइंटला दिली. मध्ये कुणी पाणी मागितलं तर म्हणाला, कोमट प्या थोडं, शरीराला बरं असतं.

सगळं झाल्यावर फ्रीज चालू केला. तो नुसता हुंकारला आणि इतक्या हळू चालायला लागला, की गारेगारला तो चालू आहे की नाही हे दार उघडून दिव्यावरून बघावं लागलं. सासूबाईंनी हेडफोन लावले. गारेगार दिवाणाजवळ उभा, हात मागे, निकालाच्या दिवशीच्या मुलासारखा.

सासूबाईंनी बराच वेळ ऐकलं. मग त्यांनी हेडफोन काढून त्याच्या डोक्यावर ठेवले.

त्यानं ऐकलं. खळखळ. बेडूक. लांब कुठेतरी एक पक्षी. त्याच्या मागे आणखी एक पक्षी, जो त्याला आधी कधीच ऐकू आला नव्हता. झूं नव्हतं. यावेळी तो ‘गारेगार’ म्हणाला नाही. तो तसाच उभा राहिला, तोंड किंचित उघडं.

“द्या आता,” सासूबाई म्हणाल्या. “नुसतं पाणी ऐकायला नाही ते.”

मिशाळ्या रविवारी सापडला. सकाळीच. लेक पेपर घेऊन बसली होती, गारेगार दाढी अर्धी करून आरशासमोर होता. एकाएकी दिवाणावरून “आला! आला! आला!” असा ओरडा झाला. साबणाच्या तोंडानं तो धावत आला. पडद्यावर काठी वाकली होती, दोर ताणला होता आणि सासूबाई जीभ दातांत धरून बटणं दाबत होत्या, प्लास्टरचा पाय हवेत. “ओढा! सोडा! ओढा! सोडा!” गारेगार स्वतःही ओढत होता, त्याच्या हातात काही नव्हतं तरी. आणि पाण्यातून तो वर आला. काळा, थोराड, तोंडाच्या दोन्ही बाजूंना लांबलचक मिशा. पडद्यावर त्याचं वजन आलं, लांबी आली, चांदण्या उडाल्या.

खाली दोन बटणं आली. ठेवा. सोडा.

सासूबाईंनी मिशाळ्याकडे नीट निरखून बघितलं. त्याच्या मिशा हलत होत्या. मग अंगठा सरकवला आणि ‘सोडा’ दाबलं. मासा पाण्यात पडला, एक वर्तुळ उठलं आणि तळं पुन्हा सपाट झालं.

“सोडलात?” गारेगारचा आवाज फुटला. गालावरचा फेस खाली टपकला. “आई! त्याच्यासाठी मी बोर्ड उघडला! शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चार्जर मागितले! अँटेनाला घरी बोलावलं, अँटेनाला! आणि तुम्ही तो सोडलात?”

“मग काय करू? फ्रीजमध्ये ठेवू?” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “प्लास्टर निघायला अजून अवकाश आहे, जावईबापू. तो संपला तर मी दिवसभर तुमच्याशी बोलत बसू का?”

गारेगारनं क्षणभर विचार केला. मुद्दा बिनतोड होता. तो दाढी पूर्ण करायला गेला, पण मध्येच परत आला आणि दिवाणाच्या कडेला टेकला. “मी जरा बघू?” तो म्हणाला. “म्हणजे, आवाज पुन्हा आला नाही ना, एवढंच.”

सासूबाईंनी हेडफोन त्याच्या साबण लागलेल्या कानांवर चढवले, गळ कसा टाकायचा ते दाखवलं, बेडूक गप्प झाला की मासा आलाच समजायचं हे बजावलं आणि जपून लंगडत, डॉक्टरांनी दिलेल्या काठीच्या आधारानं, चहा मागायला स्वयंपाकघराकडे गेल्या. थोड्या वेळानं एका हॉटेलातून फोन आला, तिथला मोठा फ्रीज बंद पडला होता, गिऱ्हाईक बोंबलत होतं. बायको फोन हातात धरून बाहेर आली. “अहो, ऐकलं का—”

गारेगारनं डोळे न उघडता एक बोट ओठांवर ठेवलं.

“हळू बोल,” तो कुजबुजला. “बेडूक गप्प झालाय.”